चौथी पट्टी बापूची

३ नोव्हेंबर

गावी जाऊन आलो. कराड–विटा एसटी, जाताना उभ्यानं. वहिनींनी आण्णाची, माझ्या थोरल्या भावाची, सेलमहून आलेली पेटी माझ्यासमोर उघडली. स्वेटर, तीन चष्मे, सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानाची जुनी कॅलेंडरं आणि अकरा कॅसेटी. दहांवर त्याच्या अक्षरात नाव-तारीख आणि पाठीवरचे प्लॅस्टिकचे बारके दात मोडलेले. ही त्याची पद्धत. ओवी मनासारखी पुरी झाली की खिळ्यानं दात मोडायचा, म्हणजे त्यावर पुन्हा कुणाला रेकॉर्ड करता येत नाही. खिळाही पेटीतच होता, दोरा बांधलेला.

अकराव्या कॅसेटचे दात शाबूत. आतल्या कार्डावर: १ ओवी, २ ढोल, ३ झांज, ४ बापू.

बापू म्हणजे मी.

वहिनी म्हणाल्या, "ही तुमची न्हवं भावजी? घिऊन जावा. खिळा बी न्या, मला काय करायचाय."

येताना बसायला जागा मिळाली. पिशवीत हात घालून ती कॅसेट धरून बसलो होतो, ओगलेवाडी येईपर्यंत.

४ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो, नाहीतर पुन्हा स्वतःला भलतंच सांगेन.

ही कॅसेट माझ्याकडे एकदा येऊन गेलेली आहे. वीस-बावीस वर्षं झाली. आण्णानं सेलमला दुकानाच्या मागच्या खोलीत एक मशीन घेतलं होतं. चार आवाज एकेक करून भरायचे, आधीचे कानात ऐकत ऐकत, आणि मग चारही एकदम वाजवायचे. ओवी त्यानं म्हटली, मग ढोल वाजवला, मग झांज. चौथी जागा मोकळी ठेवून कॅसेट एका पाहुण्याबरोबर पाठवली. चौथी जागा माझ्या झिलीची. लहानपणापासून तेच. बिरोबाच्या जत्रेत तो सुंबरान मांडणार, म्हणजे देवाचं स्मरण करणार, ओवी टाकणार, मी मागून त्याची ओळ उचलून झील धरणार. त्याचा आवाज खालचा, भरदार. माझा बारीक, ओळीच्या शेवटाला वर उचलायची खोड.

तोवर मी कराडला कॉलेजात चिकटलो होतो. सिव्हिलची लॅब, सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायचे. राहायला कॉलनीत. शेजारी सगळे प्राध्यापक, म्हणून खिडक्या लावून घरच्या टेपवर कॅसेट घातली. आतून रेडा रेकल्यागत जड, ओढलेला आवाज. दुसरी बाजू लावली तर उलटंपालटं छनछन. मिनिटभर ऐकलं असेल. वाटलं, उन्हानं खराब झाली. कपाटात टाकली.

मग त्याचा फोन. "कॉलेजातल्या मशीनवर लावलीस न्हवं?" व्हय म्हणालो. कुठलं मशीन, विचारलंसुद्धा नाही. "कशी वाटली रं?" झकास. "मग झील कवा भरतुयास?" बघू.

पुढं दोन-तीन वेळा विचारलं. बघू. आमच्या थोरलीच्या लग्नाला आला तेव्हा म्हणाला, "ती कॅसेट दे, घिऊन जातो." काढून दिली. सुटलो असं वाटलं. खरंच तेच वाटलं.

९ नोव्हेंबर

सांगली. मारुती रोडच्या आत एका बोळात शिकलगार म्हणून आहेत, जुने टेप-रेडिओ दुरुस्त करतात. वय पंच्याहत्तरच्या पुढं, हात अजून स्थिर. कॅसेट उजेडात धरली, कार्ड वाचलं.

"सायेब, ही खराब न्हाई. ही चार पट्ट्यांची हाय."

मग कागदावर काढून दाखवलं. साधा टेप एका बाजूनं दोनच पट्ट्या वाचतो. उरलेल्या दोन दुसऱ्या बाजूला येतात, त्या उलट्या. शिवाय हिचं मशीन दुप्पट वेगानं पळतं. साध्या टेपवर आवाज निम्म्या वेगानं निघणार, म्हणून रेडा.

म्हणजे कॅसेट पहिल्या दिवसापासून चांगली होती. स्टुलावर बसलो. त्यांनी पाणी दिलं. "कुनाची हाय?" भावाची म्हणालो. "वारले?" व्हय. ते सोल्डरिंगला लागले.

१० नोव्हेंबर

काही नाही. दिवसभर घरीच. सु., माझी बायको, दोनदा म्हणाली जेवा.

१२ नोव्हेंबर

संजूला, आण्णाच्या मुलाला, सेलमला फोन. बापाचं मशीन दुकान हलवताना भंगारात गेलं. "काका, पुण्यात कॉम्प्युटरवर घेऊन देतात. मी करून आणतो, मग फोनवर ऐका." पोरगं मनापासून म्हणत होतं. पण मला नुसतं ऐकायचं नाही. जागा ठेवली होती त्यानं, ती भरायची आहे. त्याच पट्टीवर.

वर्षश्राद्ध फेब्रुवारीत. तेव्हा गावी चारही पट्ट्या एकदम वाजल्या पाहिजेत. ठरवलं.

१५ नोव्हेंबर

काय हवं ते लिहून काढलं, लॅबच्या सवयीनं. कॅसेटचं हवं, स्पूलचं नको. चार पट्ट्या. वेग दुप्पट. रेकॉर्ड चालू असलं पाहिजे, नुसतं वाजणारं नको. आणि पेन्शनीत बसलं पाहिजे. शेवटच्या अटीशी पहिल्या चारांचं काही जमत नाही. परदेशातली तरुण पोरं हौसेनं ही मशीनं घेतात म्हणे, म्हणून भाव चढलेत. आमच्या घरातला टेप आम्ही भांडीवालीला देऊन वर पातेलं घेतलं होतं.

२१ नोव्हेंबर

सातारा. ऑर्केस्ट्रावाले निकम. फोनवर "चार ट्रॅकचं आहे, या, बघा" म्हणाले म्हणून गेलो. माळ्यावरून दोघांनी उतरवलं. स्पूलचं, धान्याच्या कोठीएवढं. माझी कॅसेट त्याच्यासमोर ठेवली तर निकमच हसायला लागले. मग गंभीर होऊन म्हणाले, "घ्या की तरीपण, शोभेला." चहा पाजला. महामार्गाला येऊन एसटीची वाट बघत उभा राहिलो. उंब्रजपर्यंत एक शब्द बोलायला कुणी नाही, बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

फोनवर जाहिरात. चार ट्रॅक, कॅसेट, चंदेरी, अगदी नव्यासारखं. किंमत आवाक्यातली. शिकलगारांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन: "येग इचारा. दोन येगांचं नसलं तर घिऊ नका." विकणाऱ्याला विचारलं. "हो काका, सगळं चालतं, टेस्टेड आहे." वेगाचं काही बोलला नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता तर?

पैसे पाठवले. सु.नं विचारलं, केवढ्याला. निम्मे सांगितले.

९ डिसेंबर

आलं. देखणं आहे. चार सरकपट्ट्या, काळी बटणं. कॅसेट घातली, बटण दाबलं.

रेडा.

एकाच वेगाचं निघालं. तोच, निम्म्या वेगाचा. बावीस वर्षांनी, पदरचे पैसे घालून, पुन्हा तोच आवाज घरात आणला.

एवढं मात्र की सगळ्या पट्ट्या सुलट वाजतात. एकेक सरकवून ऐकल्या. पहिल्यावर आण्णा, म्हणजे आण्णा असणार. दुसऱ्यावर ढोल, पत्र्यावर काहीतरी पडल्यासारखा. तिसऱ्यावर झांज. चौथी मोकळी असायला हवी, पण तिच्यातही कुणी घोगरं कण्हतंय. शिकलगार म्हणाले, शेजारच्या पट्टीतलं झिरपतं कधी कधी, मनावर घेऊ नका.

संजू म्हणतो फोनवर वेग वाढवून देतो. देत असेल. पण मग झील भरायची कुठं?

१० डिसेंबर

सु.ला खरी किंमत सांगितली. भाजी निवडत होती, मान वर केली नाही.

"मला ठावंच हुतं. तुमी निम्मंच सांगताय कायम." थोड्या वेळानं, "भाऊजींना बी निम्मंच सांगितलं हुतं."

तिला कॅसेटचं सगळं माहीत होतं. बावीस वर्षं एका शब्दानं बोलली नाही. मला वाटत होतं हे फक्त मलाच माहीत आहे.

विकणारा परत घेत नाही. फोनच उचलत नाही आता.

१८ डिसेंबर

मशीन मिळेपर्यंत गळा तरी तयार करावा. सकाळी सहाला कृष्णा-कोयनेच्या संगमावर जातो. कृष्णेकडं तोंड करून झील म्हणतो. पहिल्या दिवशी आवाज निघालाच नाही, नुसती हवा. आज निघाला, पण खाली. शेवटाला वर उचलायचा तिथं फाटतो. फिरायला येणारे एक निवृत्त प्राचार्य थांबले. आता सगळं संपलं असं वाटून गप्प झालो. ते म्हणाले, "थांबलात का? आमच्या आटपाडीकडची आठवण झाली." याच माणसाच्या भीतीनं मी खिडक्या लावल्या होत्या. हेच, तेव्हा समोरच्या घरात राहायचे.

२७ डिसेंबर

थंडी. घसा बसला. झील काय, सु.ला हाकसुद्धा मारता येत नाही. गरम पाणी, हळद. एक मुंबईचं मशीन बघितलं, सगळ्या अटींत बसतं, एक सोडून. त्या पैशात घराला रंग होईल.

३ जानेवारी

शिकलगारांचा निरोप. मिरजेला सॅम्युएल सर म्हणून आहेत, चर्चच्या गायनवृंदाचं बघायचे. त्यांच्याकडं आहे. गेलो. शिकलगारही आले, पैसे घेत नाही म्हणाले, नुसते बघायला.

पलंगाखालून काढलं. काळं, कडा झिजलेल्या, एका सरकपट्टीची टोपी गेलेली, तिथं पेनाचं टोपण बसवलेलं. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झालेला. वेग दोन. शिकलगारांनी मान हलवली, म्हणजे हेच.

सरांनी विचारलं, कशाला हवंय. सांगणार होतो भावाची आठवण म्हणून. पण सगळंच सांगितलं, व्हय म्हणालो तेसुद्धा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "द्या तुम्हाला वाटेल ते. माझी मिसेस यात अल्टो, बायकांतला खालचा आवाज, गायची. माझं सगळं ऐकून झालंय." त्यांचं खरंच झालं असेल का ऐकून, कुणास ठाऊक. माणूस मशीन देताना दारापर्यंत आला आणि मग परत फिरला.

११ जानेवारी

शिकलगारांनी पट्टा घातला, फीत वाचणारं डोकं साफ केलं, वेग जुळवला. चौथ्या पट्टीचं रेकॉर्ड तपासलं, दुसऱ्या कॅसेटवर. मला म्हणाले, "काय तर बोला." "एक दोन तीन" म्हणालो. लाल दिवा, काटा हलला, परत वाजवलं. माझाच आवाज. चालतंय.

"ध्यान ठिवा सायेब. लाल दिवा लागला की आदी हाय ते पुसतं, मग नवं बसतं. एकदा पुसलं की संपलं."

चौथी तर मोकळीच आहे म्हणालो.

१३ जानेवारी

घरी. दुपार. सु. शेजारी बसली. खिडक्या उघड्या ठेवल्या मुद्दाम.

पहिली पट्टी. आण्णा. आवाजावर धूळ नाही की काही नाही. खाकरला, आणि सुंबरान मांडलं. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही, अंगावर काटा आला. ढोल त्याच्याच हाताचा, डावा जरा मागं राहतो तसाच. झांज. आणि ओवीच्या प्रत्येक टप्प्यानंतर तो थांबतो. माझ्यासाठी. एक झील बसेल एवढा, मोजून.

चौथी सरकवली, पेनाच्या टोपणाची, तिथंच मी गाणार म्हणून.

ती मोकळी नाही.

कुणीतरी झील धरतंय. बारीक, चोरटा आवाज, शेवटाला वर उचललेला. सु. म्हणाली, "आवं, हे तर तुमी." मी नाही. मी कधी गायलोच नाही. आण्णा आहे तो. माझा आवाज काढून गातोय. पहिल्या झिलीला त्याला स्वतःचंच हसू आलंय, ते ऐकू येतं. दुसरीपासून हसला नाही. अगदी मन लावून, माझी खोडसुद्धा बरोबर जागेवर.

मशीन बंद केलं. आता रडू आलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन लोक आले-गेले. गोड बोललो.

१६ जानेवारी

वहिनींना फोन. त्यांना माहीत होतं का विचारलं.

"व्हय की. तुमच्या थोरलीच्या लग्नास्नं आल्यावर. दुपारचं दुकान बंद ठिवून गात बसलं. मी म्हटलं, आवं ह्यो कुनाचा आवाज काढताय? म्हणलं, बापूचा. त्येला येळ न्हाई."

त्यांना वाटलं फोन कटला.

"भावजी, हाय न्हवं? एक सांगू का? त्यास्नी ठावं हुतं. कॅसेट हातात घेतली आन उजेडाला धरली. फीत सुरवातीलाच हुती. म्हणलं, दोन मिनिटं बी ऐकली न्हाई गड्यानं."

"रागावला का?"

"न्हाई. हसलं जरा."

त्यानं दात का नाही मोडले, मी विचारलं. बाकीच्या दहांचे मोडले, हिचे का नाही.

"मी म्हटलं की मोडा आता, झालं न्हवं पुरं. म्हणलं, ऱ्हाऊ दे. बापू ईल कवा तर."

२२ जानेवारी

आठवडाभर लिहिलं नाही. संगमावरही गेलो नाही.

आता माझी झील भरायची तर त्याची पुसावी लागणार. पट्ट्या चारच. चारही भरलेल्या. त्यानं माझ्यासाठी भरलेली पुसून मी माझी भरायची. न भरावी तर दात शाबूत ठेवून तो वाट बघत गेला, ती तशीच.

सु. म्हणते, पुसू नका. "तुमी आला न्हाई म्हणून त्यांनी केलं. आता ते पण पुसणार?"

वहिनी म्हणतात, पुसा. "त्यास्नी तेच पायजे हुतं."

दोघींचं बरोबर आहे.

३० जानेवारी

संजूनं सांगितलं तसं चौथी पट्टी फोनमध्ये उतरवून घेतली. तो म्हणाला, "आता काय काळजी काका, सेफ आहे. बिनधास्त पुसा." शहाणा आहे. त्याचं ऐकावं म्हणून बसलो. कानाला हेडफोन लावून, माइक समोर, बोट लाल बटणावर. आण्णाचा टप्पा आला, संपला, जागा आली, गेली. बोट तिथंच. फोनात असलं म्हणून काय झालं, पुसायचं तर माझ्याच हातानं.

चार वेळा झालं असं.

६ फेब्रुवारी

पुन्हा संगमावर. आवाज बरा लागतोय, पण माझा आवाज आता तो नाही. खाली उतरलाय, जाड झालाय. खरं सांगायचं तर आता तो आण्णासारखा झालाय. माझ्या आवाजात मला गाता येत नाही. त्या कॅसेटवर तो गातोय, तेवढाच माझा आवाज शिल्लक आहे.

१४ फेब्रुवारी

उद्या वर्षश्राद्ध. मशीन घोंगडीत गुंडाळून गावी आणलं, संजूच्या मित्राच्या गाडीतून. सॅम्युएल सरांचा फोन आला होता, पोचलं का नीट. मशीनबद्दलच विचारत होते.

ओसरीत बाजेवर ठेवलं. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी वहिनी, सु., संजू आणि गल्लीतली चार जुनी माणसं. चारही पट्ट्या वर केल्या. लाल बटण दाबलं नाही. आण्णानं टप्पा टाकला, थांबला, आणि चौथ्या पट्टीवरनं तो माझ्या आवाजात आला. मीही झील धरली. झीलकरी जत्रेतसुद्धा एकटा कधी नसतोच, दोघं-तिघं असतात. आम्ही दोघं. तो बारीक, मी जाड, उलटं झालेलं. शेवटाला उचलायचं तिथं माझा फाटला, त्याचा गेला वर.

संपल्यावर गल्लीतला म्हातारा धोंडूनाना म्हणाला, "लय ब्येस. ह्यातला बापू कोनचा रं?"

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

हे कुठं भरलं गेलं नाही. कुठल्याच पट्टीवर नाही.

१५ फेब्रुवारी

पहाट. सगळे अजून झोपलेत. मशीन ओसरीत, कॅसेट आत, फीत मागं नेऊन सुरुवातीला आणून ठेवली आहे. चौथ्या पट्टीचं रेकॉर्ड लावलं आहे, बटण दाबायचं तेवढं राहिलंय. नाहीतर कॅसेट काढायची आणि दात मोडायचे. आण्णाचा खिळा माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे, दोऱ्यासकट.

वहिनी आत उठल्या वाटतं. बंबाचा आवाज आला. नऊपासून पाहुणे येतील, त्याच्या आधी काय ते—